दादाचं इंग्रजी

दादाचं इंग्रजी गेलं, म्हणून मला इंग्लंडला जावं लागलं. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं, ते आधी हसले. मीही हसून घ्यायचे, आणि विषय बदलायचे.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. तिथल्याच क्वार्टरात आम्ही दोघं वाढलो. दादाचा हात चित्रकलेत चांगला होता. तो ड्राफ्ट्समन झाला, आणि साठच्या दशकात, तिकडे कामाला माणसं हवी होती तेव्हा, पुलांची कामं घेणाऱ्या एका कंपनीत लागून इंग्लंडला गेला. तिथंच ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या एका मुलीशी त्यानं लग्न केलं. वडील गेल्यावर आई आणि मी नाशिकला आलो. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. लग्न केलं नव्हतं. शाळेपासून पायी जाता येईल अशा एका कॉलनीत आमच्या दोन खोल्या होत्या. दादा वडिलांच्या वेळी एकटाच येऊन गेला होता. वहिनीला आम्ही फक्त फोटोत पाहिलं होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा तिची तार आली, दादाला अर्धांगाचा झटका आला म्हणून. त्यानंतर तीन आठवड्यांनी पत्र आलं. अक्षर स्वच्छ, गोल, एकही खाडाखोड नाही. तो आता चालतो, उजवा हात अजून जड आहे, पण तो इंग्रजी विसरला आहे, असं तिनं लिहिलं होतं. 'तो दिवसभर माझ्याशी बोलतो आणि मला एक शब्द कळत नाही. डॉक्टर म्हणतात, भाषा परत येईल किंवा येणार नाही. तू येशील का?'

मी आईला पत्र मराठीत करून सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"म्हंजे आपलं बोलतो ना?"

"हो, मराठी बोलतो."

"मग बिघडलं काय? त्याला इथं घेऊन ये. इथं कुणाला लागतंय विंग्रजी?"

"आई, त्याचं घर आहे तिथं. नोकरी आहे."

"जो माणूस बोलू शकत नाय त्याला कोण नोकरीत ठेवंल?" आई म्हणाली. "तू जा आन् त्याला आन. मीच गेले असते, पण हे गुडघे."

पासपोर्टात दोन महिने गेले. तिकीट दादाच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून काढलं. शाळेनं सहा आठवड्यांची बिनपगारी रजा दिली. आईनं शेंगदाण्याची चटणी आणि कुरडया बांधून दिल्या आणि निघताना माझा हात धरून परत तेच म्हणाली, "एकटी येऊ नको."

दादानं दार उघडलं तेव्हा मी त्याला ओळखलं, त्यानंही मला ओळखलं. "आलीस?" तो म्हणाला. मग माझ्या मागं रस्त्यावर पाहून, "आन् आई?" त्याची मराठी आमच्या क्वार्टरातली होती, वडिलांची, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. त्याच्या मागं वहिनी उभी होती, उंच, पिंगट केसांची, आणि तिचे डोळे भरून आले होते, कारण कित्येक आठवड्यांनी तिच्या नवऱ्याला कुणीतरी उत्तर दिलं होतं.

तिला मी नावानंच हाक मारायचे, पण मनात ती वहिनीच होती. पहिले काही दिवस मजेत गेले म्हणायला हरकत नाही. दादाला भातात मीठ कमी वाटतं, त्याला निळा नाही राखाडी सदरा हवाय, त्याचा खांदा दुखतो, असं मी सांगायचे आणि वहिनी धावत जाऊन ते करायची. मी खुर्चीत बसून दोघांच्या मधे बोलत राहायचे. संध्याकाळी घसा दुखायचा. दादा बहुतेक वेळा नीट बोलायचा. दमला की मात्र त्याचा काळ मागं सरकायचा, मनमाडच्या दिवसांत. डॉक्टरांनी तसं सांगून ठेवलं होतं: दमवू नका, आणि तो म्हणेल ते खोडून काढू नका.

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी वहिनी म्हणाली, "आज आपण गाव बघायला जाऊ. तिघं. पायी, सावकाश. सगळा दिवस."

मी म्हटलं, "तुमचंच तर गाव."

"माझा जन्म इथला," ती म्हणाली, "पण गाव मला यानं दाखवलं."

मग तिनं मला सांगितलं. ओळख झाली तेव्हा दादा दर रविवारी वही, टेप आणि पेन्सिल घेऊन गावातली जुनी घरं मोजत फिरायचा. ग्रंथालयात तो जुने नकाशे मागायला यायचा. एक दिवस तिनं विचारलं, एवढं काय शोधताय? तर तो म्हणाला, चला, दाखवतो. वेशीपासून नदीपर्यंत तो तिला घेऊन गेला आणि प्रत्येक दगडाचं काहीतरी सांगत राहिला. ते सगळं इंग्रजीत सांगितलं होतं. तिला वाटत होतं, त्याच रस्त्यानं, त्याच क्रमानं गेलं तर कुठंतरी एखादा शब्द त्याला सापडेल. एक सापडला की त्यामागून दुसरा येईल.

"तो जे म्हणेल ते मला सांग," ती म्हणाली. "सगळं. गाळू नकोस."

मी हो म्हटलं.

ऊन होतं, तिथलं कोवळं ऊन, अंगाला लागत नाही असं. दादानं टोपी घातली, कोट घातला, डाव्या हातानं बटणं लावली. वहिनी त्याच्या उजव्या बाजूला, मी डाव्या. गावाला एका अंगानं जुना तट राहिला आहे, आणि त्यात एक दगडी वेस. वेशीची कमान इतकी ठेंगणी की गवताची गाडी आत जायची नाही, म्हणून कधीकाळी खालची जमीनच उकरून रस्ता खोल केला होता. हे मला वहिनीनं सांगितलं. दादानं तिला सांगितलेलं ती आता मला सांगत होती, त्याच्या तोंडाकडे बघत, त्यानं दुरुस्त करावं म्हणून.

दादा कमानीखाली थांबला. वर पाहिलं. मग मला म्हणाला, "भोंगा झाला का?"

"काय म्हणाला?"

"किती वाजले विचारतोय," मी म्हटलं. ते खरंच होतं. मनमाडला आम्ही वर्कशॉपच्या भोंग्यावरच वेळ सांगायचो. वहिनीनं घड्याळ बघून त्याला बोटांनी दाखवलं, साडेदहा. त्यानं मान हलवली.

पुढे एक अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना काळ्या लाकडी सांगाड्याची पांढरी घरं. वरचे मजले पुढे झुकलेले, इतके की समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून बायकांनी एकमेकींना साखर द्यावी. नाशिकच्या तांबट आळीत अशीच सावली असते, पण तिथं ठोकाठोकीचा आवाज असतो. इथं सगळं गप्प होतं. एका वाकड्या घराशी दादा आपण होऊन वळला. हे घर मी ओळखलं. त्याचं पेन्सिलीनं काढलेलं चित्र त्यांच्या जिन्यात टांगलेलं होतं. दादानं डावा हात उचलून खांबाच्या सांध्यावर ठेवला. जिथं आडवं लाकूड उभ्यात बसवलेलं असतं तिथं त्याचं बोट हळूहळू फिरलं. मी त्याला लहानपणी पाटीवर रेघ मारताना पाहिलं होतं, तसाच तो दिसला.

"खिळा नाय," तो म्हणाला. "एक खिळा नाय याला. लाकडात लाकूड."

मी सांगितलं. वहिनीनं माझा दंड घट्ट धरला. "हेच! हेच म्हणाला होता तो. याच जागी!" ती त्याला म्हणाली, "अजून सांग. अजून."

दादा हसला. दारातून एक म्हातारी बाहेर आली आणि त्याला बघून म्हणाली, बऱ्याच दिवसांत आला नाहीत. दादानं टोपी काढली. शब्द नव्हता, पण टोपी काढायचं त्याला आठवत होतं. आम्ही तिघं त्या गल्लीत अर्धा तास होतो. मला त्या वेळी खरंच वाटलं की वहिनीचं बरोबर आहे, की संध्याकाळपर्यंत तो निदान 'थँक यू' म्हणेल आणि मग मी आईला लिहीन.

गल्लीच्या टोकाला चर्च. चौकोनी बुरूज, आजूबाजूला झुकलेले थडग्यांचे दगड, त्यावरची नावं पावसानं पुसलेली. वहिनी पुढं होऊन दार ढकलून आत गेली. दादा दारात थांबला. मी त्याचा हात धरून पुढं पाऊल टाकलं, तर त्यानं मला मागं ओढलं.

"आपल्याला येऊ देतात का?" त्यानं मला विचारलं. हळू आवाजात, आजूबाजूला बघून.

नाशिकच्या माणसाला हा प्रश्न कुठून येतो ते सांगावं लागत नाही. आमचे वडील विशीत असताना, पंचवटीतल्या मंदिराच्या बंद दाराशी महिनोन् महिने बसलेल्या माणसांत होते. दादा पाचसहा वर्षांचा असताना ते त्याला घेऊन गेले होते, ती जागा दाखवायला. तिथं काय झालं ते घरात कुणी बोलत नसे. पुढे आम्ही बौद्ध झालो आणि त्या दाराचा आमचा संबंध संपला, असं मी धरून चालले होते.

"येऊ देतात, दादा," मी म्हटलं. "इथं सगळ्यांना येऊ देतात."

"विचारलंस?"

वहिनी आतून परत आली. "काय म्हणतोय?"

माझं इंग्रजी चांगलं होतं. मी दहा वर्षं शिकवत होते. पण ते वाक्य सांगायचं तर आधी आमचे वडील, त्यांचे वडील, गावाबाहेरची वस्ती, विहीर, सगळं सांगावं लागलं असतं. बारा वर्षांच्या संसारात दादानं तिला त्यातलं काही सांगितलं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. सांगितलं नसेल तर ते मी का सांगावं? मी म्हटलं, "आत जायला परवानगी आहे का, विचारतोय."

वहिनीला आश्चर्य वाटलं. "परवानगी? इथं आमचं लग्न झालंय."

हे मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. आम्हाला त्यानं कळवलं होतं, सरकारी कचेरीत सह्या केल्या म्हणून.

आम्ही आत गेलोच नाही. दादा पायरीवरून हलेना. वहिनीनं दार लावून घेतलं. त्यानंतर ती एक पाऊल मागून चालायला लागली.

बाजार भरला होता. मधोमध लाकडी खांबांवर उभी जुनी बाजारपेठेची इमारत, वर सभागृह, खाली मोकळं, आणि त्यात भाजी, चीज, फुलं, जुनी पुस्तकं. कांदे मांडलेले पाहून मी उगाच एक हातात घेतला. आमच्या लासलगावच्या बाजारात असा डोंगर असतो, असं मी वहिनीला सांगितलं, काहीतरी बोलायचं म्हणून. तिनं "हो?" म्हटलं. दादा दमला होता. त्याचा उजवा पाय घासत चालला होता. मी म्हटलं, आता परत फिरू. वहिनी म्हणाली, आधी चहा घेऊ, तो बसेल जरा, मग नदी. नदीशिवाय हा फेरा पुरा होत नाही.

चहाचं दुकान छोटं होतं. टेबलांवर लेसची कापडं, खिडकीत पितळी किटल्या. त्यांनी जाड गोड पाव आणले, त्यावर साय आणि मुरंबा. वहिनीनं दादाच्या पावाचे तुकडे करून दिले, त्याच्या गळ्याशी रुमाल लावला. ती उठून बिल द्यायला गेली तेव्हा दादा माझ्याकडे वाकला. पण ती अर्ध्या वाटेतून पर्स घ्यायला परत आली होती, आणि त्याचा आवाज मुळातच मोठा.

"ही बाई कोण?" तो म्हणाला. "सकाळपासून आपल्या मागं फिरतीय."

वहिनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तिनं विचारलं नाही, पण माझ्याकडे बघितलं. आणि मी बोलायला लागले. तो म्हणतोय, चहा छान आहे. तुम्ही सकाळपासून त्याच्यासाठी फिरताय, तुम्ही दमला असाल, तुम्हीही बसून नीट खा. मी सांगतच होते. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असल्याचं त्या दिवशी मला फार बरं वाटलं. निदान ती एक चूक होणार नव्हती.

"थँक यू," वहिनी दादाला म्हणाली. त्यानं ओळखीच्या नसलेल्या माणसाला करतात तशी मान लववली.

नदीला दगडी पायऱ्या होत्या. रुंद, झिजलेल्या, पाण्यात उतरणाऱ्या. मला गोदावरीवर आल्यासारखं झालं नाही. कुणी कपडे धूत नव्हतं, कुणी दिवे सोडत नव्हतं, फक्त बदकं होती आणि एक माणूस गळ टाकून बसला होता. पण दादा पायऱ्या बघून झपझप उतरला, आम्हाला आवरता येईना इतका, आणि शेवटून तिसऱ्या पायरीवर बसला. वहिनीनं त्याच्या शेजारी रुमाल टाकून बैठक मारली. त्यानं तिला तिथंच लग्नाचं विचारलं होतं, ती म्हणाली. तिनं ते मला सांगितलं, त्याला नाही. दुपार सरत होती. आम्ही तासभर तिथं असू.

मग गार वारा सुटला आणि आम्ही त्याला उठवायला लागलो. दादा उठेना.

"चल दादा, घरी जाऊ."

"हो, घरी," तो म्हणाला आणि जागचा हलला नाही. "मनमाडला. आईला सांगून आलो नाय."

"आधी आपण इथल्या घरी जाऊ."

"इथं कुठलं घर?" त्याचा आवाज चढला. "तू मला फसवतीस. तू लहान हायस, तुला कळत नाय. आई रडत असंल." आणि तो स्वतःच रडायला लागला. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, टोपी घातलेला, तोंड उघडं टाकून.

वहिनीनं त्याला मिठीत घ्यायला हात पुढे केले. त्यानं ते झटकले. डाव्या हातात अजून ताकद होती. तिचा चष्मा पायरीवर पडला. गळ टाकून बसलेला माणूस उठून आला आणि त्यानं विचारलं, मदत करू का? आम्ही दोघींनी काखेत हात घालून ओढलं, तो माणूस पुढून धरायला लागला, पण दादानं अंग सोडून दिलं होतं. पाण्याला इतक्या जवळ जोर लावायचीही भीती. तो माणूस म्हणाला, कुणाला तरी बोलावतो. वहिनी म्हणाली, नको, नको, थांबा. ती मला म्हणाली, "तू बोल त्याच्याशी. तुझंच ऐकेल. काहीही सांग."

मी दादाच्या समोर खालच्या पायरीवर बसले. माझी साडी भिजली. मी म्हटलं, "दादा, ऊठ. पाचची गाडी आहे. मी तुला आईकडं घेऊन जाते."

"शपथ?"

"शपथ."

तो लगेच उठला. कुणाला हातही लावावा लागला नाही. त्यानं डोळे पुसले, टोपी सरळ केली, आणि पायऱ्या चढताना मला म्हणाला, "सामान आवरायला लागंल." परतीच्या वाटेवर तो खुशीत होता. त्या वाकड्या घरावरून गेलो तेव्हा त्यानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर त्यानं कोट काढला नाही. दाराजवळच्या खुर्चीत बसला, टोपी मांडीवर, आणि मला म्हणाला, चल लवकर. मी म्हटलं, गाडीला उशीर आहे. पंधरा मिनिटांनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. मनमाड जंक्शनवर वाढलेला माणूस तो, गाड्यांना उशीर होतो हे त्याला पटलं. शेवटी तो तसाच कोटात पेंगला.

वहिनी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मी आत गेले. तिनं वर न बघता विचारलं, "नदीवर तू त्याला काय सांगितलंस?"

मी खण उघडून दुसरी सुरी शोधायला लागले.

"चहाच्या दुकानात तो सात-आठ शब्द बोलला," ती म्हणाली. "तू भाषण केलंस. मी ग्रंथालयात काम करते, मला एवढं कळतं. तो मला ओळखत नाही ना?"

"कधी कधी," मी म्हटलं. "दमला की."

"आणि नदीवर?"

मी तिला सांगितलं. आईकडे नेते म्हणाले, शपथ घेतली, म्हणून तो उठला.

तिनं सुरी खाली ठेवली. हात पुसले. मग म्हणाली, "मग ने त्याला."

मला आधी कळलंच नाही.

"त्याला तिथं जायचंय. तिथं सगळे त्याचं बोलणं समजतात. मी इथं त्याला कोंडून ठेवलंय असं मला वाटत राहील. तू म्हणालीस तर मी सोमवारी तिकिटाची चौकशी करते. मी नंतर येईन. राहीन किंवा परत येईन, बघू. तुझ्या आईलाही हेच हवंय ना? तिनं पत्रात लिहिलं होतं."

आईचं ते पत्र मीच इंग्रजीत करून पाठवलं होतं.

मी ज्यासाठी आले होते ते ती स्वतःच्या हातानं देत होती. आणि माझ्या डोळ्यांपुढं आमच्या दोन खोल्या आल्या. सामाईक संडास, चार पायऱ्या उतरून. आईचे गुडघे. मी साडेदहा ते साडेपाच शाळेत. इथं आठवड्यातून तीन दिवस बाई घरी येऊन त्याच्या हाताचा व्यायाम घेते. नाशिकला असं कोण येणार होतं? नदीवर आज तीन माणसांना तो उचलवला नाही. उद्या संडासाच्या पायऱ्यांवर बसला तर? हे सगळं खरं होतं. आणि त्याखाली आणखी एक होतं. मी बत्तीस वर्षांची होते, आणि दादा आला तर माझं पुढचं सगळं आयुष्य त्या दोन खोल्यांत दोघांना उठवण्या-बसवण्यात जाणार होतं, हे मला स्वच्छ दिसलं.

"नाही जमणार," मी म्हटलं. "इथं त्याची काळजी जास्त चांगली घेतली जाईल."

वहिनीनं मान हलवली. ती रागावली नाही. "बरं," म्हणाली, आणि बटाट्याकडे वळली. मला वाटतं तिला सुटल्यासारखं वाटलं असावं, आणि त्याची तिला लाजही वाटली असावी. पण हे माझं वाटणं. मी ते तिला कधी विचारलं नाही.

उरलेले तीन आठवडे मी तिला थोडं थोडं मराठी शिकवलं. पाणी, दुखतं, झोप, इथं आहे, मी आहे. 'मी आहे' तिला छान जमायचं. निघताना दादा झोपलेला असेल अशी वेळ आम्ही दोघींनी मिळून ठरवली.

नाशिकला पोचले तेव्हा आई दारात उभी होती. रिक्षातून मी एकटीच उतरले. तिनं रिक्षात वाकून पाहिलं.

"नाय आला?"

प्रवासभर मी बरीच वाक्यं जुळवली होती. डॉक्टर, व्यायाम, औषधं. त्यातलं एकही आलं नाही. "ती सोडत नाही," मी म्हटलं.

एवढंच. आईनं पुढं काही विचारलं नाही. तिला ते उत्तर पुरलं. त्या दिवसापासून घरात वहिनीचं नाव निघालं की आई उठून आत जायची. विहारात बायकांनी विचारलं की सांगायची, सुनेनं पोराला धरून ठेवलंय. मी तिथंच बसलेली असायचे.

वहिनीची पत्रं महिन्याला यायची. दीड वर्षानं तिनं लिहिलं की दादाचं इंग्रजी परत येतंय. आधी आकडे आले, मग शिव्या, मग वाक्यं. आणखी वर्षभरानं लिहिलं की तो आता तिला रोज ओळखतो, पण मराठी बोलत नाही, ती 'मी आहे' म्हणते तेव्हा नुसता बघतो. हे मी आईला वाचून दाखवलं नाही. पण आईनं हट्ट धरला, मला त्याचा आवाज ऐकायचाय. म्हणून मी टेलिफोन ऑफिसात कॉल लावायला तिला घेऊन गेले. चार तास बाकावर बसल्यावर लागला. आईनं दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला.

"बाळा, मी आई."

पलीकडून तो बोलला. मला बूथच्या बाहेर उभं राहूनही ऐकू आलं, इतका आवाज मोठा. त्यानं इंग्रजीत विचारलं, आपण कोण बोलताय? नम्रपणे, ऑफिसात विचारतात तसं. आई परत म्हणाली, मी आई. त्यानं परत विचारलं. तिनं रिसीव्हर माझ्यापुढं केला.

"काय म्हणतोय?"

या वेळी मी जसंच्या तसं सांगितलं. "कोण बोलतंय, विचारतोय."

आई म्हणाली, "सांग त्याला." मी त्याला सांगितलं. ही तुझी आई आहे. तो "ओ, येस," म्हणाला, आणि मग वहिनीला हाक मारली, आणि लाइन तुटली.

आम्ही बाहेर येऊन बसस्टॉपवर उभ्या राहिलो. आई रडत नव्हती. ती म्हणाली, "त्या बाईनं त्याची भाषासुदिक नेली." त्या क्षणी मी सांगू शकत होते. ती तुझा मुलगा माझ्या हाती देत होती, मी घेतला नाही. शब्द तयार होते, मराठीतच होते, कुणासाठी बदलायचे नव्हते. बस आली. गर्दी होती. मी आईला हाताला धरून वर चढवलं आणि तिला बसायला जागा मिळते का ते बघत राहिले.

त्यानंतर दोन पावसाळ्यांनी आई गेली. दादा तिच्यामागून चार वर्षांनी. वहिनी अजून त्या गावात राहते. तिचं पत्र येतं. आपल्याबद्दल आईला काय वाटायचं, असं तिनं एकदा मला विचारलं होतं. त्या पत्राला मी उत्तर दिलं, चार पानी, आणि त्यात सगळं दुसरंच लिहिलं.